मुलाची गाडी, वडिलांचे लायसन्स

प्रश्न : आम्ही उभयता येत्या जूनमध्ये सहा महिन्यांसाठी मुलाकडे, कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे जात आहोत. माझे वय ६६ असून नाशिकमध्ये मी गेली ३५ वर्षे गाडी चालवतो. सहा वर्षांच्या नातवाला शाळेतून आणणे, भाजी आणणे एवढ्यापुरती मुलाची गाडी मला तेथे चालवता येईल का? मुलगा म्हणतो, ‘बाबा, कायद्याने लागतो तेवढा विमा गाडीला आहे, काळजी करू नका.’ तेवढा विमा पुरेसा असतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गाडी चालवता येईल. १८ वर्षांवरील पाहुण्याला स्वतःच्या देशाचे वैध लायसन्स असेल, तर कॅलिफोर्नियात तेथील लायसन्स काढावे लागत नाही. आपल्या वयात लायसन्सचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते, म्हणून कार्डावरची मुदत आपल्या परतीच्या तारखेपलीकडे जाते ना, हे आधी पाहून घ्या. आरटीओकडून मिळणारे आंतरराष्ट्रीय परमिट कॅलिफोर्नियात सक्तीचे नाही आणि केवळ त्याच्या आधारे गाडी चालवताही येत नाही. परंतु दुसऱ्या राज्यात जाण्याचा किंवा भाड्याने गाडी घेण्याचा विचार असेल, तर ते जवळ असावे.

आपला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि मुलाच्या उत्तराशी मी सहमत नाही. आपल्याकडे थर्ड पार्टी विमा म्हटला की अपघातात मृत किंवा जखमी झालेल्या त्रयस्थ व्यक्तीची भरपाई न्यायाधिकरण ठरवेल तेवढी विमा कंपनीने द्यायची, त्याला रकमेची मर्यादा नाही, अशी व्यवस्था आहे. साडेसात लाख रुपयांची मर्यादा आहे ती खासगी गाडीने केलेल्या मालमत्तेच्या नुकसानीपुरती. अमेरिकेत असे नाही. तेथे प्रत्येक राज्य स्वतःची किमान रक्कम ठरवते आणि विमा कंपनीची जबाबदारी पॉलिसीत लिहिलेल्या आकड्यापाशी थांबते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून ही किमान रक्कम एका जखमी व्यक्तीसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातील सर्व जखमींसाठी मिळून ६०,००० डॉलर आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५,००० डॉलर अशी आहे. त्याआधी १५,०००, ३०,००० आणि ५,००० हे आकडे १९६७ पासून तसेच होते. ही वाढ स्वागतार्ह असली, तरी सनीव्हेलच्या रस्त्यावर आपल्यापुढे उभी असलेली साधी नवी गाडीसुद्धा १५,००० डॉलरपेक्षा महाग असते, आणि मोडलेल्या मांडीच्या हाडावर शस्त्रक्रिया झाली तर रुग्णालयाचे बिल ३०,००० डॉलर सहज ओलांडते. विम्याच्या मर्यादेवरची रक्कम ज्याच्या चुकीने अपघात झाला त्याच्या माथी येते, आणि ती वसूल करण्यासाठी दावा होऊ शकतो.

म्हणून मुलाला पॉलिसीचे पहिले पान, ज्याला तेथे डिक्लरेशन्स पेज म्हणतात, ते आपल्यासमोर उघडायला सांगा. माझ्या भाचीने तिचे पान मला दाखवले तेव्हा ‘बॉडिली इंज्युरी’ (शारीरिक इजा) या शब्दांपुढे ३०/६० आणि त्याखालच्या, मालमत्तेच्या ओळीत १५ असे हजार डॉलरमधले आकडे होते. तिने ते चार वर्षांत एकदाही वाचले नव्हते. माझ्या मते नोकरी आणि थोडीफार बचत असणाऱ्या कुटुंबाने हे आकडे निदान १००/३००/१०० असे करून घ्यावेत. संरक्षण कित्येक पटींनी वाढते, हप्ता मात्र त्या पटीत वाढत नाही. ‘अनइन्शुअर्ड मोटरिस्ट’ ही ओळही पाहा. समोरच्याकडे विमाच नसेल तर आपल्या माणसांच्या उपचारांसाठी तीच उपयोगी पडते. कंपनीने हे संरक्षण देऊ करणे बंधनकारक असले, तरी ग्राहकाला ते लेखी नाकारता येते आणि हप्ता कमी करण्याच्या नादात पुष्कळ जण ते नाकारतात.

यानंतर आपल्या नावाचा प्रश्न येतो. मालकाच्या परवानगीने कधीतरी गाडी चालवणाऱ्याला बहुतेक पॉलिसींचे संरक्षण मिळते. परंतु त्याच घरात सहा महिने राहून रोज गाडी चालवणारी व्यक्ती ‘कधीतरी’मध्ये बसत नाही. काही पॉलिसींमध्ये तर नाव नोंदवलेले नसलेल्या चालकासाठी रक्कम आपोआप राज्याच्या किमान मर्यादेवर उतरते, म्हणजे मुलाने १००/३०० घेतलेले असूनही आपल्या हातून अपघात झाल्यास ३०/६०च लागू होतात. आपण पोहोचण्यापूर्वीच मुलाने कंपनीला कळवावे, नाव चालक म्हणून घालून घ्यावे आणि तसे लेखी उत्तर मागावे. फोनवरच्या होकारावर विसंबू नये.

नातवाला आणायचे म्हणता, तर बूस्टर आसनाशिवाय (मुलाला उंच बसवून पट्टा नीट बसू देणारे आसन) त्याला गाडीत बसवू नका. आठ वर्षांखालील मूल मागच्या आसनावर कार सीट किंवा बूस्टरमध्येच असले पाहिजे, असा तेथील कायदा आहे; उंची ४ फूट ९ इंच झाली असेल तरच त्यातून सूट मिळते. पिवळ्या स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकू लागले की मागच्याच नव्हे, समोरून येणाऱ्या गाड्यांनीही दिवे बंद होईपर्यंत जागीच थांबायचे असते. रस्त्याला दुभाजक असेल किंवा प्रत्येक दिशेला दोन वा अधिक मार्गिका असतील, तरच समोरच्याला जाता येते. स्टॉपच्या पाटीपाशी गाडी हळू करणे म्हणजे थांबणे नव्हे. चाके पूर्ण थांबली पाहिजेत. आपल्या ३५ वर्षांच्या सवयीला हे सर्वांत जड जाईल, म्हणून पहिले काही दिवस मुलाला शेजारी बसवून चालवा. कोणी जखमी झाले किंवा १,००० डॉलरपेक्षा अधिक नुकसान झाले, तर चूक कोणाचीही असली तरी दहा दिवसांत डीएमव्हीकडे, म्हणजे तेथील मोटर वाहन विभागाकडे, एसआर-१ हा अर्ज भरावा लागतो.

प्रश्न : मुलगी आणि जावई न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियात राहायला जात आहेत. गाडीही नेणार आहेत. विम्याची मुदत अजून पाच महिने आहे. तो तसाच चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : चालणार नाही. विमा गाडी जेथे राहते त्या पत्त्यावर दिला जातो. न्यू जर्सीच्या पॉलिसीत चूक कोणाचीही असो, स्वतःच्या उपचारांचा खर्च देणारे ‘पिप’ संरक्षण असते. कॅलिफोर्नियात ते नाही, त्यामुळे नव्या पॉलिसीत ‘मेडिकल पेमेंट्स’ ऐच्छिक म्हणून घ्यावे लागेल. वास्तव्य सुरू झाल्यापासून नवे लायसन्स दहा दिवसांत आणि गाडीची नोंदणी वीस दिवसांत करायची असते. जुना विमा मात्र घाईने रद्द करू नका : आधी कॅलिफोर्नियाचा विमा आणि नोंदणी, मग न्यू जर्सीच्या नंबर प्लेट तेथील मोटर व्हेइकल कमिशनकडे परत करून पावती घेणे आणि त्यानंतरच जुनी पॉलिसी बंद करणे, हा क्रम पाळावा.