खिमा-चीज भरलेले ब्रेडस्टिक घरी करताना फुटतात आणि खालून कच्चे राहतात. पाहुण्यांसाठी करायचे असतील तर काय काळजी घ्यावी?

शनिवारी तुमच्याकडे पंधराएक माणसं येणार, मागच्या खेपेला निम्मे ब्रेडस्टिक फुटले, तळ गिचगिचीत राहिला, आणि तुम्हाला वाटतंय की पीठ नीट मळलं गेलं नाही. मला विचाराल तर पिठाला उगाच दोष देताय. ओलं किंवा कोमट सारण भरलं असणार.

इतक्या ठामपणे सांगते, कारण हा प्रताप मी स्वतः करून बसले आहे. पहिल्यांदा केले तेव्हा पाहुणे दारात आणि खिमा अजून कढईत वाफाळतोय अशी गत होती. तसाच भरला. लाटलेली पारी खालून ओलसर झाली, चीज भरता भरताच विरघळायला लागलं, आणि ओव्हनमध्ये एकेकाने तोंड उघडलं. मुलांनी ट्रेला चिकटून करपलेलं चीज खरवडून आवडीने खाल्लं, ही त्या संध्याकाळची एकमेव जमेची बाजू. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी आयुष्यात कधी यीस्ट हातात धरलेलं नाही, पण म्हणाल्या, "अगं, ओल्या सारणाची करंजी कधी धड राहिली आहे का?" झालं, पुढचं सगळं मी करंजीच्या हिशोबाने शिकले.

कारण साधं आहे. सारणातल्या पाण्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या हजारपटींहून जास्त जागा लागते. ती सांधा शोधते. शिवाय मोझरेला साठ अंशांच्या आसपासच पातळ व्हायला लागतं, आणि ब्रेड आतून नीट बसायला नव्वदच्या पुढे जावं लागतं. म्हणजे भिंत पक्की व्हायच्या आधीच आतला ऐवज वाहायला तयार. त्यामुळे चीज जितकं गार आत जाईल तितका पिठाला वेळ मिळतो.

आता खिमा. तीस ब्रेडस्टिकसाठी अर्धा किलो चिकन खिमा पुरतो. दोन कांदे अगदी बारीक चिरून चांगले तांबूस परतायचे, आलं-लसूण, हिरवी मिरची, थोडं धणे-जिरे, मिरपूड, शेवटी गरम मसाला. टोमॅटो आणि दही घालू नका, ते पाणी सोडतात. आंबटपणा हवाच असेल तर गॅस बंद केल्यावर लिंबू पिळा. झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परतत राहा. कढईत डाव फिरवला की मागे कोरडा तळ दिसला पाहिजे आणि खिमा दाणेदार सुटला पाहिजे. मीठ हात राखून, चीज खारट असतं. मग ताटात पसरून गार करा आणि झाकून फ्रिजमध्ये टाका. आदल्या दिवशी केलात तर उत्तमच. कच्चा खिमा भरून "ओव्हनमध्ये शिजेल" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तो पाणीही सोडतो, आणि पंधरा मिनिटांत आतपर्यंत शिजला की नाही हे बाहेरून कळत नाही. मटणाचा खिमा घेणार असाल तर आधी कुकरला लावा आणि उरलेलं पाणी पूर्ण आटवा.

गोव्याकडचं कोणी येताना चोरिस, म्हणजे तिथलं डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज, आणणार असेल तर काय बहार! गोव्यात चोरिस-पाव आहेच, त्यामुळे ही जोडी काही नवी नाही. फक्त चोरिस आवरणातून काढून परता आणि सुटलेली चरबी निथळून घ्या, नाहीतर तीच तळातून पाझरते. ती चरबी फेकू मात्र नका, दुसऱ्या दिवशी अंडी त्यात करा. चिकन सलामी घेणाऱ्यांचं काम सगळ्यात सोपं, पट्ट्या कापा आणि भरा, पण खिम्याची मजा तिला नाही.

चीज मी तीस नगांना तीनशे ग्रॅम घेते, दोन भाग मोझरेला आणि एक भाग साधं प्रोसेस्ड. तार येते मोझरेलाची. प्रोसेस्डमध्ये क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते तूप न सोडता मऊ वितळतं, आणि चवही त्यालाच आहे. नुसतं मोझरेला मला बेचव लागतं. पाण्यात ठेवलेलं ताजं मोझरेला इथे चालणार नाही. किसण्याऐवजी बोटभर लांबीच्या पट्ट्या कापा आणि भरण्याआधी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा.

पिठाबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्हाला जमतंय असं दिसतं. पाऊण किलो मैदा, साडेचारशे मिली कोमट पाणी, सात ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, चौदा-पंधरा ग्रॅम मीठ, दीड चमचा साखर, तीन मोठे चमचे तेल. वजन करूनच घ्या, वाटीचा भरवसा नाही. पाणी मनगटावर टाकलं तर जेमतेम कोमट लागावं, चटका बसला तर यीस्ट मेलंच समजा. दाणेदार यीस्ट असेल तर आधी दहा मिनिटं साखरपाण्यात भिजवून फेस येतो का बघा. फेस नसेल तर मैदा वाया घालवू नका, नवं पाकीट आणा. दहा-बारा मिनिटं तिंबायचं. पीठ पोळीच्या कणकेहून सैल असलं पाहिजे. हाताला चिकटतं म्हणून लोक मैदा घालत सुटतात आणि मग दगड तयार होतात. पाहुणे येणार असतील तर मी यीस्ट निम्मं करते आणि पीठ रात्रभर फ्रिजमध्ये फुगायला ठेवते. चव वाढते, आणि मुख्य म्हणजे गार पीठ लाटायला शहाण्यासारखं वागतं.

भरताना चाळीस-बेचाळीस ग्रॅमचा गोळा घ्या, हाताच्या पंजाएवढी लांबट पारी लाटा. मधोमध एक मोठा चमचा खिमा, त्यावर चीजची पट्टी, आणि चारी बाजूंना बोटाच्या रुंदीएवढी कोरी कड. त्या कडेला तेलाचा किंवा खिम्याचा थेंब लागला तर ती चिकटत नाही, म्हणून सारण भरायला चमचा आणि कड दाबायला कोरडी बोटं. आधी दोन्ही टोकं आत दुमडा, मग लांब बाजू एकमेकींवर आणून चिमटीत दाबत जा. करंजीसारखी मुरड घालायचा मोह आवरा, ती जाड राहते आणि कच्ची लागते. सांधा खाली करून ट्रेवर ठेवा आणि वर सुरीच्या टोकाने दोन बारीक छिद्रं पाडा. वाफेला तुम्ही दार ठेवलंत तर ती भिंत फोडत नाही.

घरच्या ओटीजीची, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनची, खरी अडचण इथून पुढे आहे. तीस लिटरच्या ओटीजीत एका वेळी आठ-नऊच नग मावतात, म्हणजे चार खेपा. सगळे भरून ओट्यावर ठेवलेत तर शेवटची खेप फुगून फुगून विस्कटेल. पहिला ट्रे वीस मिनिटं बाहेर फुगू द्या, बाकीचे झाकून फ्रिजमध्ये, एक भाजायला गेला की दुसरा बाहेर. ओटीजी दोनशे अंशांवर निदान पंधरा मिनिटं तापवा. दिवा गेला म्हणजे तापला असं नसतं. दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या खणाच्या एक घर खाली. तळ कच्चा राहायचं दुसरं कारण हेच, गार ओटीजी आणि फार वर ठेवलेला ट्रे. वरून दुधाचा हात फिरवा, पंधरा ते अठरा मिनिटं. लसूण-लोणी भाजून बाहेर काढल्यावर लावा. आधी लावलंत तर लसूण करपून कडवट होतो.

त्या संध्याकाळी तुम्हालाही माणसांत बसायचं असेल ना? मग दुपारीच सगळे दहा-बारा मिनिटं, जेमतेम रंग धरेपर्यंत भाजा, गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. आत मांस आहे, दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका. पाहुणे आले की दोनशेवर सात-आठ मिनिटं, आणि एक मोडून आतून कढत झालाय याची खात्री करा. मायक्रोवेव्हमध्ये गरम कराल तर चामडं होईल.

पंधरा जणांत दोन-तीन शाकाहारी निघतातच. त्यांच्यासाठी मका-पनीरचे आधी भरा, वेगळ्या ट्रेवर आधी भाजा, आणि ओळखायला वर तीळ लावा. आमच्याकडे एकदा खूण करायची राहिली आणि एका काकूंनी "मशरूम छान झालंय हो" म्हणत दीड ब्रेडस्टिक संपवला. त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.