अत्तराच्या धंद्यात ‘भपका’ म्हणजे नेमकं काय?

कनौजच्या अत्तराविषयी वाचताना ‘देग-भपका’ हा शब्द आला. त्यातला भपका आणि आपला लग्नातला भपका एकच का, आणि मराठीत लिहिताना त्याला दुसरा शब्द आहे का, असं तुम्ही विचारलं आहे.

मराठीत भपका म्हणजे डामडौल. कनौजच्या (उत्तर प्रदेश) कारागिराच्या तोंडी मात्र ते एका भांड्याचं नाव आहे: तांब्याचं, गोल पोटाचं, लांब निमुळत्या गळ्याचं. देग म्हणजे भट्टीवर बसवलेला मोठा तांब्याचा हंडा. तिच्यात फुलं आणि पाणी घालतात. वरच्या झाकणाला सरपोस म्हणतात. सरपोसातून निघणारी बांबूची नळी म्हणजे चोंगा. वाफ वाटेतच थंड होऊ नये म्हणून त्यावर सुतळी घट्ट गुंडाळलेली असते. चोंग्याचं दुसरं टोक भपक्याच्या गळ्यात जातं आणि भपका पाण्याच्या टाकीत बसलेला असतो. त्या टाकीला तिथे ‘गच्ची’ म्हणतात, त्यामुळे मराठी वाचक इथेही फसतो.

बरेच जण भपक्याचं भाषांतर ‘अर्क गोळा करायचं भांडं’ असं करतात. मला ते अपुरं वाटतं, कारण भपका रिकामा ठेवतच नाहीत. त्यात आधीच चंदनाचं तेल असतं, साधारण ५ किलो. फुलांची वाफ थंड होऊन त्या तेलात मुरते. निव्वळ फुलांचं तेल आणि अत्तर यांत फरक पडतो तो इथे. अत्तर खऱ्या अर्थानं तयार होतं ते भपक्यात.

एक घाणा ४ ते ६ तास चालतो. तापमापक नसतो. कारागीर भपक्याला हात लावून किती वाफ उतरली ते ओळखतो. भपका भरत आला की देगेवर ओलं फडकं फिरवून वाफ थांबवतात आणि दुसरा भपका जोडतात. पहिला निवत ठेवतात. चंदनतेल पाण्यापेक्षा किंचितच हलकं असल्यामुळे ते वर यायला वेळ लागतो. घाई केली तर तेलाचे थेंब पाण्याबरोबर निघून जातात. तेल वर तरंगलं की खालचं पाणी काढून घेतात. हे पाणी फेकायचं नसतं, पुढच्या घाण्यासाठी देगेत परत घालतात. गुलाबाच्या वासातलं फिनाइल इथाइल अल्कोहोल पाण्यात बरंच विरघळतं, ते असं परत कामी येतं. त्याच तेलावर ताज्या फुलांचे घाणे दिवसेंदिवस चालतात, वास पुरेसा चढेपर्यंत.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. जाळ जास्त झाला की फुलं देगेच्या तळाला लागतात, आणि तो जळका वास चंदनतेलात एकदा शिरला की निघत नाही. सरपोसाच्या कडेचा माती-कापसाचा लेप तडकला तर वाफ, म्हणजे वासच, बाहेर जातो. आणि गच्चीतलं पाणी कोमट झालं तर वाफ पूर्ण थंड होत नाही, म्हणून ते पाणी बदलत राहावं लागतं.

चंदन महागल्यापासून भपक्यात अनेकदा लिक्विड पॅराफिन (बिनवासाचं खनिज तेल) भरतात. पद्धत तीच, पण चंदनाचा आधार गेला की अत्तराचा तळच जातो. घरी तपासायचं असेल तर तीव्र, पाणी न मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये दोन थेंब टाकून ढवळा. पॅराफिन विरघळत नाही, मिश्रण गढूळ होतं आणि थेंब वेगळे पडतात. चंदनतेल स्वच्छ विरघळतं. मात्र अल्कोहोलात विरघळणारी इतर स्वस्त माध्यमंही वापरतात, ती या चाचणीत सापडत नाहीत. त्यामुळे गढूळ झालं तर चंदनाचा दावा खोटा धरा, पण स्वच्छ राहिलं म्हणून खरा धरू नका.

आता वापराचं. मराठीत मी ‘भपका’ तसाच ठेवीन, पहिल्यांदा येईल तिथे ‘तांब्याचा भपका’ म्हणेन, म्हणजे डामडौलाचा घोटाळा होत नाही. रूपं नेहमीचीच: भपक्यात, भपक्याचा, दोन भपके. हिंदीत ‘भभका’ किंवा ‘भबका’ही दिसेल, आणि तिथे कधीकधी अर्क काढायच्या सबंध यंत्रालाच तो शब्द लावतात. कनौजविषयी लिहिताना तसं करू नका. फुलं देगेत भरतात, अत्तर भपक्यात उतरतं.