सही करण्याआधी अम्मीचा आठवा हिस्सा मोज

"ताई, मी कामठीची, लग्न होऊन नागपुरात मोमिनपुऱ्यात राहते. वय 36, नोकरी करते, घराचा हप्ता भरते. अब्बांना जाऊन आठ महिने झाले. मागे अम्मी, दोन भाऊ आणि मी. कामठीचं घर विकायचं चाललंय, 60 लाखापर्यंत जाईल म्हणतात, शिवाय तीन एकर शेती आहे. भाईजान म्हणतात सोमवारी येऊन हक्कसोडपत्रावर सही करून टाक, लग्नात तुला भरपूर दिलं, शरियतमध्ये माहेर सोडलेल्या मुलीला काही नसतं. शौहर म्हणतात जाऊ दे, उगाच माहेर तुटेल. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते तुमच्यात कायदाच तसा, मुलीला अर्धं. हिस्सा मागितला तर गुनाह होईल का? आणि भावाच्या अर्धंच काहून, असं मनात येतं, तो पण गुनाह का? — एक बहीण"

अगं, तुझं पत्र काल रात्रीपासून डोक्यातून जाऊन नाही राहिलं. आधी एकच सांगते, सोमवारी सही करू नको. बाकीचं शांतपणे वाच.

भाईजान ज्याला शरियत म्हणून राहिले ती शरियत नाहीच, तो रिवाज आहे, आणि तो आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. माझ्याच घरचं सांगते. 2005 मध्ये हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला, मला ते पक्कं माहीत होतं, तरी 2008 मध्ये मी हक्कसोडपत्रावर सही केली. रजिस्ट्रीच्या ऑफिसात दादानं माझा अंगठा धरून शाईच्या पॅडवर दाबला, मग पुसायला स्वतःचा रुमाल दिला, बाहेर येऊन तर्री पोहे खाऊ घातले. इतकं प्रेमानं केलं की मला बोलताच आलं नाही. अंगठ्याची शाई दोन दिवस निघाली नव्हती, पोळ्या लाटताना दिसायची. माहेर टिकावं म्हणून सही केली आणि दोन भाऊबीजा झाल्यावर त्यानं घरच विकलं. म्हणून तुझे शौहर म्हणतात ना, माहेर तुटेल, त्यावर माझा विश्वास बसत नाही. माणसं सहीमुळे जोडलेली राहत नाहीत.

आता गुनाहचं, म्हणजे पापाचं. कुराणातल्या सुरह निसाची सातवी आयत काढ, घरात मराठी किंवा उर्दू तर्जुमा असेलच. आईबाप आणि जवळच्यांनी मागे ठेवलेल्यात पुरुषांचा हिस्सा आहे आणि बायकांचाही हिस्सा आहे, माल थोडा असो की जास्त, असं तिथं सरळ लिहिलंय. लग्न झालेली, न झालेली असा फरक नाही. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या लिहून ठेवलेल्या आठवणींत, त्याच्या मागची एक गोष्ट येते, ती मला फार जवळची वाटते. उहुदच्या लढाईत, म्हणजे इ.स. 625 मध्ये, साद बिन रबी मारले गेले आणि त्यांच्या भावानं सगळा माल ताब्यात घेतला. सादची बायको दोन्ही पोरींना घेऊन पैगंबरांकडे गेली, म्हणाली यांच्या काकानं सगळं घेतलं, आता यांची लग्नं कशी व्हायची. मग वारशाची आयत आली आणि पैगंबरांनी त्या काकाला बोलावून सांगितलं की पोरींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे, उरेल ते तुझं. म्हणजे बघ, जी बाई हक्क मागायला गेली तिला कोणी गुनहगार म्हटलं नाही, तिच्या जाण्यानंच तर हिशोब लागला.

आणि शरियत म्हणजे काही एक पुस्तक नाही की पान उघडलं आणि कलम सापडलं. आधी कुराण, मग सुन्नत म्हणजे पैगंबरांचं वागणं-बोलणं जे हदीसमधून आपल्यापर्यंत आलं, मग इज्मा म्हणजे उलेमांचं, धर्मपंडितांचं एकमत, आणि कियास म्हणजे जुन्या मसल्याच्या, प्रश्नाच्या धाग्यानं नव्याचा निकाल लावणं. यातून माणसांनी अभ्यास करून जे बसवलं ते फिकह, आणि त्यात मतभेद भरपूर, आपल्याकडे बहुतेक हनफी, कोकणात शाफई, शियांचं जाफरी वेगळं. पण लग्न झालेल्या मुलीला बापाच्या मालात काहीच नाही असं यातला एकही मजहब, म्हणजे पंथ, म्हणत नाही. लग्नात दिलेलंही हिश्श्यातून वजा होत नाही, अब्बांनी जिवंतपणी दिलं ते त्यांचं देणं होतं, संपलं. उलट 1937 चा शरियत अ‍ॅक्ट आला त्याचं एक मोठं कारणच हे की कित्येक मुसलमान घरांत रिवाज चालायचा आणि रिवाजात मुलींच्या हातात काही पडत नसे.

तुझा हिशोब मी वहीवर मांडला. आधी दफनाचा खर्च, कर्ज, आणि अम्मीची मेहर, म्हणजे निकाहात अब्बांनी तिला कबूल केलेली रक्कम, दिली नसेल तर तीसुद्धा कर्जच, ते बाजूला काढायचं. उरलेल्याचे 40 भाग कर. अम्मीचा आठवा हिस्सा म्हणजे 5, उरलेल्या 35 मधून मुलाला दोन तर मुलीला एक या हिशोबानं दोन्ही भावांचे 14-14, तुझे 7. घराचे खरंच 60 लाख आले आणि देणं काही नसलं तर तुझे साडेदहा लाख होतात. अब्बांनी वसियत म्हणजे मृत्युपत्र केलं असलं तरी ते एक तृतीयांशापर्यंतच चालतं, आणि हनफी मजहबात भावांच्या नावानं केलं असेल तर तू हो म्हटल्याशिवाय नाही. शेतीचं मात्र वेगळं आहे, 1937 च्या कायद्यानं शेतजमीन बाहेर ठेवलीय, त्या तीन एकरांसाठी वकिलाला स्वतंत्र विचार. पैशाची काळजी करू नको, सिव्हिल लाइन्सला जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना तिथं फुकट वकील मिळतो, कमाई किती ते बघत नाहीत.

पण वकिलाकडून नोटीस पाठवण्याआधी एक कर. एखाद्या मुफ्तींकडे, म्हणजे शरियतवर मत देणाऱ्या जाणकाराकडे जा आणि हाच मसला लेखी विचारून आण. फतवा कोणावर कायद्यानं बंधनकारक नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये स्पष्ट केलंय, तरी भाईजान शरियतचं नाव घेऊन राहिले ना, तर त्यांना त्याच भाषेतला कागद दाखव. वकिलाच्या नोटिशीनं ते भडकतील, मुफ्तींच्या सहीपुढे बोलणं अवघड जाईल.

आता तुझा दुसरा प्रश्न, जो तू घाबरत घाबरत शेवटी लिहिला. भावाच्या अर्धं काहून? जुनं उत्तर हे की घर चालवायची, मेहर द्यायची जबाबदारी पुरुषावर, बाईचा पैसा फक्त तिचा. ते उत्तर त्या काळात किती मोठं होतं हे मी मानते. पण तू नोकरी करते, घराचा हप्ता भरते, म्हणजे जबाबदारी एकट्या पुरुषावर राहिलीच नाही, मग प्रश्न पडणारच, आणि तो पडलेली तू एकटी नाहीस. ट्युनिशियात 2018 मध्ये राष्ट्राध्यक्षांनीच समान वारशाचा प्रस्ताव आणला होता, पास झाला नाही पण देशभर चर्चा झाली. 2023 मध्ये केरळात एका मुसलमान वकिलानं आणि त्याच्या बायकोनं स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली आपलं लग्न पुन्हा नोंदवलं, तसं केलं की त्यांचा वारसा शरियतनं ठरत नाही, कारण त्यांना फक्त मुलीच, आणि सगळं त्यांनाच जावं असं त्यांना वाटत होतं. समान नागरी कायदा असावा की समाजानं आतून बदलावं यावर माझं मत विचारशील तर मला आतून झालेला बदल जास्त टिकेल असं वाटतं, पण त्याची वाट बघत कोणी बाईनं आपला आजचा हिस्सा सोडू नये. आणि तुला स्वतःच्या मुलामुलीला सारखं द्यायचं असेल तर जिवंतपणी हिबा म्हणजे बक्षीस करता येतो, त्यात दोनास एक असं बंधन नाही. प्रश्न विचारल्यानं ईमान कमी होतं असं मला तरी कधी दिसलं नाही गं.

तुझ्या अख्ख्या पत्रात एक गोष्ट मला टोचली. अम्मीचं काय, हे कोणीच बोलून नाही राहिलं, तूसुद्धा नाही. घर विकल्यावर ती कुठं राहणार? तिच्या मेहरचं काय झालं? सोमवारी बोलावलंय ना, तर तू रविवारीच कामठीला जा, तिच्याजवळ बस, आणि वहीवर 40 रेघा ओढून पहिले तिचे पाच भाग तिला मोजून दाखव, मग तुझे सात.