स्वप्नातले काजवे भारी की खरे?

प्रश्न : ताई, प्रश्न जरा वेडगळ आहे, हसू नका. मला अधूनमधून एकच स्वप्न पडतं. एक भलंमोठं झाड, पानापानावर काजवे, सगळं झाड सोन्यासारखं पेटलेलं आणि खाली मी एकटी. म्हणून यंदा जूनच्या सुरुवातीला मैत्रिणींबरोबर मुद्दाम भंडारदऱ्याला गेले. पाच तास गाडीत, मग चिखल, डास, जिकडेतिकडे मोबाईलचे टॉर्च, आणि काजवे म्हणजे इथे लुकलुक, तिथे लुकलुक. मूडच गेला. निसर्गापेक्षा आपली कल्पनाच जास्त सुंदर असते का हो?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : हसले थोडी, कारण माझंही अगदी हेच झालं होतं. मनी वसे ते स्वप्नी दिसे हे खरं, पण तुमच्या मनात ते झाड आलं कुठून? मला वाटतं मोबाईलमधून. काजव्यांचे जे फोटो आपण बघतो ना, ते बहुतेक वेळा एक फोटो नसतोच, कॅमेरा ट्रायपॉडवर लावून एकामागून एक ढीगभर फोटो काढायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर एकावर एक चढवायचे, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासातली प्रत्येक लुकलुक एकाच क्षणात पेटलेली दिसते. तेव्हा तुमचं स्वप्न म्हणजे त्या फोटोची कॉपी, आणि फोटोच मुळात जोडलेला.

त्यात झोपेची गंमत वेगळीच. डोळे पापणीखाली भराभर हलतात ती झोप 1953 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या दोघांनी जगापुढे मांडली, ठळक स्वप्नं जास्त करून तिच्यातच पडतात. तेव्हा मेंदूतला चित्रांचा आणि भावनांचा भाग जोरात असतो आणि कपाळामागचा हिशेबी भाग मंद, म्हणून रानात रात्री मी एकटी कशी, गाडी कुठे लावली, असले प्रश्न कुणी विचारत नाही. डासही नसतात.

आता माझं सांगते. पुरुषवाडी गावाला काजवे बघायला गेले होते, तिथे आमच्या वाटाड्याने सगळे टॉर्च, मोबाईल बंद करायला लावले आणि गप्प बसवलं. पहिली दहा मिनिटं काहीच नाही, मी मनात म्हटलं पैसे गेले. डोळे अंधाराला नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मग समोरचं झाड दिसायला लागलं, लुकलुक हळूहळू एका लयीत आली, आणि मग सगळं झाड एकदम विझलं! क्षणभर ठार काळोख, की परत सगळं एकदम. हा काळोख ना फोटोत असतो ना स्वप्नात, आणि माझ्या अंगावर काटा आला तो त्यानेच.

एक काजवा तळहातावर येऊन बसला, उजेड एवढा पण चटका नाही, गारच. पोटातलं ल्युसिफेरिन नावाचं रसायन ऑक्सिजनबरोबर जळतं म्हणा, पण उष्णता जवळपास नाहीच. आणि हाच किडा त्याआधी कित्येक महिने अळी होऊन मातीत गोगलगायी खात बसलेला असतो, पंख फुटल्यावर हातात जेमतेम दोन-तीन आठवडे. गोगलगाय खाणारी अळी नि तिचा दिवा, हे कुणाच्या कल्पनेत आलं असतं? माझ्या तरी नाही.

ती लुकलुक म्हणजे नराने मादीला घातलेली साद, ती खालून उजेडानेच उत्तर देते. मध्ये आपला टॉर्च आला की दोघांना एकमेक दिसत नाहीत. म्हणजे तुमच्या शेजारच्या टॉर्चवाल्यांनी तुमचा मूड घालवलाच, काजव्यांची लग्नंही मोडली.

पुढच्या वर्षी अमावास्येच्या आसपास, मधल्या वारी जा, पाऊस जोर धरायच्या आत. टॉर्च हवाच असेल तर लाल जिलेटिन पेपर लावा. आणि नंतर ते स्वप्न परत पडलं तर झाड मधेमधे विझतं का, तेवढं मला नक्की कळवा.