कॉटरी हातात घेण्याआधी

प्रिय डॉक्टर,

तू पाठवलेला फोटो पाहिला. आजोबांच्या पाठीवर डिंकाने चिकटवल्यासारखा काळा, खडबडीत उंचवटा पाहून मेलॅनोमाची, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या घातक कॅन्सरची, शंका येणं साहजिक आहे. पण सेबोऱ्हिक केराटोसिस, म्हणजे उतारवयात येणारी त्वचेची निरुपद्रवी वाढ, भल्याभल्यांना फसवतो. आकार असमान, कडा वेड्यावाकड्या, रंगांची सरमिसळ, व्यास ६ मिलिमीटरहून मोठा: मेलॅनोमाचे पाठ केलेले सगळे निकष त्याला लागू पडतात. म्हणून निकषांवर थांबू नकोस, डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं दिव्याचं भिंग, लाव.

आधी जेल लावून, पोलराइज्ड (त्वचेवरची चकाकी कापणाऱ्या) नसलेल्या प्रकाशात बघ. सेबोऱ्हिक केराटोसिस असेल तर पांढरट-पिवळे बारीक गोल ठिपके चमकतात आणि मध्ये ब्लॅकहेडसारखी काळपट तोंडं दिसतात. पोलराइज्ड प्रकाशात हे ठिपके फिके पडतात. मात्र मेलॅनोमातही ते कधीकधी असतात. शेजारी निळसर-पांढरा पडदा किंवा तुटकी, जाडीभरडी जाळी दिसली, तर ठिपक्यांवर विसंबू नकोस.

पायावरची टणक तपकिरी गाठ दोन बोटांच्या चिमटीत धरून बघ. डर्मॅटोफायब्रोमात, म्हणजे त्वचेतल्या तंतूंच्या निरुपद्रवी गाठीत, वरची त्वचा खळीसारखी आत ओढली जाते.

मला खरी काळजी कॉटरीची, म्हणजे विजेच्या उष्णतेने गाठ जाळण्याच्या उपकरणाची, वाटते. चामखीळ म्हणून जाळून टाकलं की पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायला काहीच उरत नाही. शंका असेल तिथे कॉटरी नकोच, वरवर खरवडणंही नको. शक्य असेल तर भोवतीची सुमारे २ मिलिमीटर त्वचा घेऊन, खालच्या चरबीपर्यंत अख्खी गाठ काढ. मेलॅनोमा निघालाच, तर पुढचे उपचार ब्रेस्लो जाडीवर, म्हणजे तो त्वचेत किती खोल गेलाय यावर, ठरतात, आणि अर्धवट तुकड्यात ती नीट मोजता येत नाही. फॉर्मवर नुसतं ‘काळा तीळ’ लिहू नकोस. वय, जागा, किती दिवसांत वाढलं, सगळं लिही. लहान मुलांच्या स्पिट्झ नीव्हससारख्या (मेलॅनोमासारख्या दिसणाऱ्या साध्या तिळासारख्या) गाठी सूक्ष्मदर्शकाखालीही चकवतात.

आणि प्रत्येक पेशंटचे मोजे उतरव. आपल्या लोकांत मेलॅनोमा बऱ्याचदा तळव्यावर नाहीतर नखाखाली सापडतो. तळव्यावरच्या रेघांमध्ये घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके शोध. ते असतात तो उंचवटा. रंग दोन उंचवट्यांमधल्या खाचांत असेल तर बहुधा साधा तीळ. उंचवट्यांवर असेल, तर केसांचा डाय लागला होता का एवढं विचार, आणि तसं काही नसेल तर त्याच दिवशी बायोप्सी ठरव.

तुझे सर