डिजिटल व्हॉल्यूम कमी ठेवला तर आवाजाचा दर्जा घसरतो का?

तुमची जोडणी अशी आहे: संगणक, यूएसबी डॅक (डिजिटल आकड्यांचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा), त्यापुढे थेट पॉवर ॲम्प्लिफायर. ॲम्पला व्हॉल्यूमचं बटण नाही, त्यामुळे रोज ऐकताना संगणकावर आवाज -४० डीबीपर्यंत (डीबी म्हणजे डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) उतरवावा लागतो. यात दर्जा जातो का आणि त्यासाठी गोव्यातल्या मिरामारच्या घरात जुना ॲनालॉग प्रीॲम्प (पॉवर ॲम्पच्या आधी बसणारा, व्हॉल्यूमचं बटण असलेला डबा) आणावा का, असं तुम्ही विचारलंय. मी सांगेन, आणू नका.

‘बिट कापले जातात’ ही भीती १६ बिटच्या मार्गापुरती खरी आहे. बिट म्हणजे आवाजाच्या प्रत्येक नोंदीतला एक अंक, आणि एक बिट म्हणजे साधारण ६ डीबी. १६ बिटमध्येच ४० डीबी उतरवलेत तर साडेसहा बिट जातात, हातात साडेनऊ उरतात. तंबोऱ्याचा स्वर विरत जाताना त्याला खरखरीत कड येते, ती याचीच. तेच गाणं २४ बिटच्या मार्गाने पाठवलं तर खाली आठ बिट मोकळे असतात, म्हणजे ४८ डीबी उतरवेपर्यंत मूळ १६ बिटांना धक्का लागत नाही. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये डॅकचा फॉरमॅट २४ बिट आहे ना, हे आधी बघा. पुष्कळांचं काम इथेच होतं.

उरतो डॅकचा स्वतःचा ‘हिस्स’, म्हणजे सतत येणारा बारीक सूंऽऽ आवाज. डिजिटल व्हॉल्यूम उतरवला की गाणं खाली येतं, हिस्स आहे तिथेच राहतो. पण तो असतो किती? डॅक २ व्होल्टचा आणि त्याचा हिस्स त्याहून ११० डीबी खाली धरला, तर हिस्स सुमारे ६ मायक्रोव्होल्ट. २९ डीबी गेनच्या (सिग्नल सुमारे २८ पट वाढवणाऱ्या) ॲम्पमधून तो स्पीकरवर ०.१८ मिलिव्होल्ट होतो. ८८ डीबी संवेदनशीलतेच्या (२.८३ व्होल्टला एक मीटरवर ८८ डीबी देणाऱ्या) स्पीकरवर एक मीटर अंतरावर हे जेमतेम ४ डीबी भरतं. डोक्यावरच्या पंख्याचा आवाज याच्या कितीतरी वर असतो.

तरी कानाने खात्री करा. ॲम्प बंद करून, डॅक काढून इनपुट शॉर्ट करा (मधली पिन ग्राउंडला जोडा), मग चालू करून ट्वीटरला (स्पीकरमधल्या बारीक सुरांच्या छोट्या युनिटला) कान लावा. पुन्हा बंद करून डॅक जोडा, काही न वाजवता परत ऐका. हिस्स वाढला तर तो डॅकचा. दोन्ही वेळा सारखाच असेल तर तो ॲम्पचा, आणि प्रीॲम्प आणून तो जाणार नाही.

डॅकचा निघाला तर दर चॅनलला दोन रेझिस्टर पुरतात: मधल्या तारेत ६.८ के (के म्हणजे किलोओहम), आणि त्यापुढे, ॲम्पच्या बाजूला, ग्राउंडकडे ३.३ के. दोन्ही १ टक्का मेटल फिल्म. ४७ के इनपुटच्या ॲम्पवर बरोबर १० डीबी उतरतात आणि ८ ओहमच्या स्पीकरला तरीही ३९ वॉटपर्यंत जाता येतं. ९.१ के आणि १ के लावले तर २० डीबी उतरतात, पण मग जेमतेम ४ वॉट मिळतात. हे केबलच्या ॲम्पकडच्या टोकाला बसवा, डॅककडच्या नाही. ही जोडणी आरसीए प्लगसाठी (एक मधली पिन आणि भोवती ग्राउंड) आहे, तीन पिनांच्या एक्सएलआरला वेगळी लागते.

प्रीॲम्पच्या व्हॉल्यूम बटणामागे असतो तो फिरता रेझिस्टर म्हणजे पॉट. त्याबद्दल माझं मत कडक आहे, कारण किनाऱ्याला खारी हवा आणि चार महिने पाऊस. कार्बनच्या पट्टीवर दमट धूळ चिकटते, पट्टीवर सरकणाऱ्या वायपरचा धातू काळवंडतो, फिरवलं की खर्रर्र. शिवाय बटण सुरुवातीच्या भागात असताना डावा-उजवा दोन-तीन डीबीने वेगळे पडतात, आणि रात्री हळू ऐकताना बटण तिथेच असतं. ५० के पॉटपुढे पाच मीटर केबल असेल (सुमारे ५०० पिकोफॅरड), तर आवाज ६ डीबी उतरवलेल्या जागी २० किलोहर्ट्झला २ डीबी कमी होतात. डिजिटलमध्ये यातलं काहीच नाही.

असलेलाच पॉट खरखरत असेल तर प्लग काढा, आत काँटॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारा, वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि सुकू द्या. गंज सोडवायचं साधं तेल नको, त्यावर धूळ बसते. एवढं करूनही खरखर राहिली तर पॉटवर डीसी मोजा. काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसला तर मागचा कपॅसिटर गळतोय, पॉट बदलून उपयोग नाही.

तुमच्या जोडणीतला खरा धोका दुसराच आहे. अपडेटनंतर किंवा डॅक काढून लावल्यावर संगणकाची व्हॉल्यूम पट्टी १०० वर गेली, की पहिल्या ‘डिंग’ला ट्वीटर जाऊ शकतो. १० डीबीचे रेझिस्टर त्यासाठी तरी लावाच, हिस्स असो वा नसो. ॲम्प सर्वांत शेवटी चालू करा आणि सर्वांत आधी बंद करा.