मांजर घेऊन गाडीत राहायला निघताय?

घरचे वेड्यात काढणारच, लक्ष देऊ नका, जमतं हे. फक्त घाई नको. निघायच्या महिनाभर आधी कॅरिअर (मांजर न्यायची पेटी) घरातच उघडा ठेवा, आत तिचा रोजचा टॉवेल टाका, आपणहून झोपायला लागली की मग उभ्या गाडीत बसवा, मग गल्लीतल्या गल्लीत चक्कर. डायरेक्ट गोवा काढलंत तर आंबोली घाटात ओकून ठेवेल. घाटाच्या तीन-चार तास आधी खायला नको, पाणी चालेल.

नवीन लोकांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे दार. चहाला थांबले की पटकन दार उघडतात, ही पायातून सटकते, आणि अनोळखी जागी मांजर हाकेला येत नाही, गाडीखाली नाहीतर झुडपात दबकून बसते. त्यामुळे ती कॅरिअरमध्ये किंवा हार्नेसमध्ये (छाती-पोटाभोवती बांधायचा पट्टा) असल्याशिवाय दार उघडायचंच नाही. हार्नेसखाली दोन बोटं जातील इतकाच सैल, आणि दोरी गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नका.

बाकी थोडक्यात:
- चालत्या गाडीत मांडीवर नाही, ब्रेकखाली शिरली म्हणजे संपलं.
- उन्हात बंद गाडीत दहा मिनिटंही नाही, काच थोडी खाली असली तरी.
- रेबीजची लस घेतलेली हवी, कार्ड सोबत ठेवा.
- लिटर (शी-शूची वाळू) घरचंच, बदलू नका.
- पॅरासिटामॉल अजिबात नाही, मांजराला ते विष आहे.

जीपीएस पट्टा, सोलर पंखा वगैरे नंतर बघू. पहिली रात्र घराजवळच काढा, आणि दिवसभर काहीच खाल्लं नाही तर वाट बघत बसू नका, सरळ डॉक्टरकडे न्या.